मदत हवी आहे : नरक्याच्या पानांतील कॅम्पटोथेसिनची चाचणी

सविनय नमस्कार. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी सह्याद्रीतील नरक्या या वृक्षावर काम करत आहे. त्यातील कॅम्पटोथेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त संयुग) पेशीतील टोपोआयसोमरेज-१ या, डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवते आणि टोपोटेकान व इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे त्यापासूनच तयार झाली, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेलच. खोड व मुळांसाठी ही झाडे बेसुमार तोडली गेली असल्यामुळे (आमच्या बाजूला तर नुसते खुंट उरले आहेत) मला केवळ पाने व कोवळ्या डहाळ्याच वापरायच्या आहेत.

अडचण अशी की, कॅम्पटोथेसिनचा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ७.४ सामूच्या (पीएच) माध्यमात, म्हणजे नेमकी जेथे पेशींवरील चाचणी करायची तेथेच, त्याचे लॅक्टोन वलय (रेणूतील कड्यासारखा बंद भाग) उघडून तो बराचसा निष्प्रभ होतो. परिणामी अर्क तोच असूनही निष्कर्ष दर खेपेस वेगळे येतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकातील मूळ द्रावण ऐनवेळी विरल करणे पुरेसे ठरेल, की बंद व उघड्या वलयाची दोन्ही रूपे एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) स्वतंत्रपणे मोजावीत? तसेच नमुने गोळा करण्यापूर्वी वनविभाग आणि राज्य जैवविविधता मंडळ यांपैकी प्रथम कोणाकडे अर्ज करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.