भजनाचं एडिटिंग, १५ हजार हाताशी: जुना लॅपटॉप चालवू की नवा घेऊ?

माणकाठ:
गावच्या भजनी मंडळाचे व्हिडिओ मी करतो. दोन मोबाईलवर ४केमध्ये दोन-दोन तासांची बारी. लॅपटॉप २०१८चा, आय-३ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चित्र थिजतं, टाळ आधी ऐकू येतो नि हात मागून हलतात. दुकानदार म्हणतो ७० हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या. माझ्याकडे १५ आहेत. आमचे बुवा थकलेत, त्यांचे अभंग नीट राहावेत म्हणून धडपड.

कात्रीवाला:
दादा, कर्ज काढू नका. बारा वर्षं लग्नांचं एडिटिंग करतोय, त्यातली पहिली चार ८ जीबीवरच काढली.

आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका. मग मागचं झाकण उघडून रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का बघा, असला तर आणखी ८ जीबी. रॅमचा भाव सध्या चढा आहे, चार ठिकाणी विचारा.

पण खरं दुखणं फाईलमध्ये आहे. मोबाईल प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण, पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढंच. तुम्ही मधेच कुठे थांबलात की लॅपटॉपला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं. म्हणून क्लिपवर राईट क्लिक करून प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवा. रात्री लावून झोपा. टाइमलाइन १०८०पी, म्हणजे ४केपेक्षा लहान चित्राची, ठेवा. मग मोठ्या ४केमधून बुवांचा क्लोजअपही कापता येतो.

एक्स्पोर्ट करून तयार व्हिडिओ काढल्यावरही टाळ पुढेच असेल, तर मोबाईलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो कमी-जास्त होतोय. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट’ (एकसारखा) निवडून फाईल बदलून घ्या, मग कट मारा.

आणि उरलेल्या पैशातून बाहेरची हार्ड डिस्क घ्याच. माझ्याकडे एका लग्नाचं फुटेज एकाच डिस्कवर होतं, ती गेली. त्या मुलीचे वडील पुढे वर्षभरात वारले. बुवांची मूळ रेकॉर्डिंग दोन जागी, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

निळीशाई:
पुढे ऐपत झाली तर गेमिंग लॅपटॉपऐवजी अ‍ॅपलचा छोटा डेस्कटॉप, एम-४ चिपचा मॅक मिनी बघा. २०२४ला आला तेव्हा ५९,९००ला होता, १६ जीबीसकट. स्क्रीन, कीबोर्ड वेगळे, आणि रॅम नंतर वाढत नाही.

माणकाठ:
झाकण उघडलं, स्लॉट रिकामा आहे! एका अभंगाची प्रॉक्सी केली, याच लॅपटॉपवर न अडकता चालला. एक्स्पोर्टमध्ये टाळ मात्र पुढेच, म्हणजे फ्रेम रेटच. आज हँडब्रेक लावतो. दुसरी डिस्क बुवांच्या लेकीकडे ठेवीन.