पॅरिश म्हणजे आपली ग्रामपंचायत नव्हे

वर कोणीतरी म्हटलंय की पॅरिश म्हणजे इंग्लंडमधली ग्रामपंचायत. अर्धंच बरोबर आहे, कारण पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावाचा कारभार बघणाऱ्या निवडलेल्या समित्या, आल्या १८९४ च्या कायद्याने, त्याआधी शेकडो वर्षं पॅरिश म्हणजे चर्चची हद्द, आणि गरिबांसाठीचा कर पण त्याच हद्दीवर गोळा व्हायचा. मग १८६६ ला ठरलं की जिथे हा कर वेगळा वसूल होतो ती वेगळी सिव्हिल (म्हणजे सरकारी) पॅरिश, तिथून चर्चचा नकाशा आणि सरकारी नकाशा यांची फारकत झाली.

धाग्यात न आलेला मुद्दा म्हणजे काउंटीच (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बदलते तेव्हा काय. अफिंग्टन घ्या, टेकडीवर खडूचा पांढरा घोडा आहे ते गाव. मूळचं बर्कशायर काउंटीचं, तिच्यातल्या फॅरिंग्डन रूरल डिस्ट्रिक्ट या ग्रामीण विभागातलं, १ एप्रिल १९७४ ला ऑक्सफर्डशायरमध्ये गेलं, घोड्यासकट! गंमत म्हणजे चर्चच्या हिशेबात बर्कशायर १८३६ लाच सॉल्सबरीच्या बिशपकडून ऑक्सफर्डकडे गेलेलं, म्हणजे सरकारच्या १३८ वर्षं आधी. त्यामुळे तिथली जुनी कागदपत्रं शोधताना नुसती आजची काउंटी बघून चालत नाही, बर्कशायरचं दप्तर रेडिंगला आहे, आधी तिथे विचारा.