अनुभव धागा: कोकणच्या आगबोटी – कोळसा, बॉयलर, बंदर

धागाकर्ता:
मुंबई–कोकण–गोवा आगबोटींवर गहिवरून लिहिलेलं भरपूर आहे. चांदणं, भोंगा, डेकवरची पथारी. ते इथे नको. बोट चालायची कशी, अडायची कुठे, बुडायची का, हे ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहा. डिझेलवरच्या बोटींसाठी वेगळा धागा काढू, इथे वाफेपुरतंच.

बॉयलरवाला:
मग भट्टीपासूनच सुरुवात करतो. समुद्रावर सगळ्यात रुळलेला तो स्कॉच बॉयलर. आडवं पिंप, खाली भट्ट्या, आणि मागे गेलेला जाळ वरच्या बारीक नळ्यांतून पुढे परत येतो. गार बॉयलर घाईने तापवायचा नाही हा पहिला नियम. वरचं पाणी उकळायला आलं तरी तळाचं गारच असतं. त्यामुळे पत्रा वर फुगतो, खाली नाही, आणि रिव्हेटचे सांधे गळू लागतात. म्हणून वाफ धरायला १२ ते २४ तास देत. सकाळी आठची बोट म्हणजे आदल्या दिवशीच भट्टी पेटलेली. थांबा थोडा असेल तर जाळ विझवत नसत, ओल्या कोळशाच्या चुऱ्याने दडपून ठेवत.

कोळसा ढिगाने टाकणारा नवशिक्या लगेच ओळखू येतो, कारण चिमणीतून काळाकुट्ट धूर निघतो, म्हणजे वारा कमी आणि इंधन वाया. मुठीएवढे तुकडे, सगळीकडे सारखा पातळ थर, दार उघडून घाव घातल्यासारखे दोन-चार फावडे आणि दार बंद. दार उघडं राहिलं की गार हवा आत शिरते आणि दाब उतरतो. जाळीवर खंगर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो, तो लांब सळईने फोडून ओढायचा. पण एका वेळी एकच भट्टी साफ करायची. दोन एकदम काढल्या की बोट पांगळी.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्याच्या काचनळीवर. बोट डुलते तसं पाणी नळीत वरखाली होतं, त्यामुळे मधली पातळी धरायची आणि खालचा कॉक अधूनमधून उघडून नळी तुंबली नाही ना ते बघायचं. तुंबलेली नळी रिकाम्या नळीपेक्षा वाईट, कारण ती खोटं दाखवते. नळी खरोखर रिकामी दिसली तर भट्टीचं छत पाण्याबाहेर उघडं पडून तापलेलं असू शकतं. अशा वेळी वरून गार पाणी सोडणारा माणूस सगळ्यांना घेऊन जातो. आधी जाळ बाहेर ओढायचा.

तेलवाला:
इंजिनाकडचं एक राहिलं. निघण्याआधी सिलिंडर गरम करून घ्यावा लागतो. गार सिलिंडरमध्ये वाफ सोडली की तिचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. दट्ट्या त्यावर आपटला की झाकण फुटतं. म्हणून खालचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवून इंजिन थोडं पुढे, थोडं मागे हलवत राहायचं. फुसफुस करत आधी पाणी येतं, मग कोरडी वाफ. तेव्हा कॉक बंद.

आणि सगळ्यांना सरसकट 'खलाशी' म्हणू नका हो. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकानी. खाली भट्टीवर आगवाला, बंकरातून, म्हणजे बोटीतल्या कोठारातून, कोळसा ओढून आणणारा कोयलावाला, बेअरिंगवर तेलवाला. स्वयंपाक भंडाऱ्याकडे. कोयलावाल्याचं काम बिनमहत्त्वाचं वाटतं, पण त्याने एकाच बाजूचा कोळसा उपसला की बोट दुसरीकडे कलते.

गोदीकर:
कोळशाचा हिशेब चुकला की काय होतं याचा नमुना मुंबईचाच आहे. इथल्या गोदीत बांधलेली ४११ टनी 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० ला सुएझला निघाली. कोळशाची मूळ सोय साडेपाच दिवसांची, आणि एडन गाठायला लागणार ११ दिवस. मग केबिनी आणि डेकसुद्धा कोळशाने भरले. बोट साडेअकरा फुटांऐवजी साडेतेरा फूट पाण्यात बसली. ही चाकांची बोट, म्हणजे चाकं पाण्यात प्रमाणाबाहेर बुडालेली आणि इंजिनाची ताकद पाणी वर उचलण्यातच जाणार. कोळसा जळत जातो तशी बोट वर येते, मग चाक कमी पाणी धरतं. चाकाच्या बोटीचं हे दुखणं कायमचं. पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) आला तेव्हा ते संपलं. एडनला पोचली तेव्हा सहा तासांपुरता कोळसा उरला होता. सुएझपर्यंत सुमारे ३३ दिवस लागले, त्यातली चाल २१ दिवसांची, बाकी थांबे, मुख्यतः कोळशापायी. पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं, त्यामागे कोळशाच्या कोठाराची ही गरज होतीच.

जयगडकर:
बंदरांबद्दल. कोकणात बोट धक्क्याला लागायची ती थोड्याच ठिकाणी. हर्णैसारख्या उघड्या जागी ती खोल पाण्यात नांगरायची आणि माणसं, सामान, कोंबड्या सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून. बाणकोट, दाभोळला खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा. जयगड, विजयदुर्ग मात्र आडोशाची. मालवणला खडक.

पडाव नेहमी वाऱ्याआडच्या बाजूला लावायचा. शिडीवरून उतरताना पडाव लाटेवर वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. तो खाली जात असताना उडी मारली तर माणूस पुरुषभर खाली आपटतो, आणि पाय दोन्हींच्या मध्ये गेला तर चिरडतो. मूल हातात घेऊन उतरायचं नाही, वरच्याने खालच्याकडे द्यायचं.

खाडीतल्या लाँचचा वेळ मात्र कंपनीच्या नव्हे, भरतीच्या हातात. दाभोळहून गोवळकोटला चढायचं तर भरतीबरोबरच. हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. बंदराबंदराला थोडा फरक पडतो, पण रोजच्या कामाला पुरतो.

वल्हं:
@जयगडकर, पावसाळ्याचं लिहा की. उघड्या बंदरांची वाहतूक मेअखेर बंद व्हायची ती पाऊस ओसरेपर्यंत. त्यामुळे आंब्याचा शेवटचा माल आणि शेवटची बोट यांची शर्यत लागायची. पेट्या बॉयलरच्या भिंतीला टेकवून रचल्या की उष्णतेने आंबा मुंबईपर्यंत उतून जायचा. डेकवर, सावलीत, मधून वारा खेळेल अशा ठेवायच्या.

जागेचंही तेच. बोट लागणाऱ्याने मध्यावर बसावं, टोकांना झोका जास्त. पण मध्यावर इंजिनाची धग आणि तेलाचा वास. दुपारी वायव्येचा वारा असतो. गोव्याकडे जाताना तो पाठीशी येतो, बोटीच्या वेगाशी जुळला की धूर सरळ वर जाऊन काजळी डेकवरच गळते. मुंबईकडे येताना तोच धूर मागे फेकला जातो, तेव्हा चिमणीच्या पुढे बसलेला सुखी.

आकडेमोड:
'रामदास'चं कुणीतरी लिहायलाच हवं. १९३६ ची बोट, १७९ फूट लांब, २९ फूट रुंद. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि वाटेत उलटली. ६०० हून जास्त माणसं गेली. बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून मुंबईला कळायला कित्येक तास गेले.

लोक एका बाजूला धावले, हे सगळे सांगतात. त्याचं वजन किती पडतं ते बघा. आकडे रामदासचे नाहीत, उदाहरणाचे आहेत. ५० किलोची २०० माणसं म्हणजे १० टन. ती ४ मीटर सरकली की ४० टन-मीटर. बोटीचं एकूण वजन ५०० टन आणि स्थैर्याची उंची (मेटासेंट्रिक हाइट, कललेली बोट किती जोराने सरळ होते त्याचं माप) ०.४ मीटर धरली, तर कल सुमारे ११ अंश. २९ फूट रुंद बोटीची एक बाजू त्याने ८५ सेंटीमीटर खाली जाते. त्यात वरच्या डेकवर गर्दी असली तर ती ०.४ आणखी घटते. आत पाणी शिरलं तर तेही कलत्या बाजूलाच धावतं. एवढं होईपर्यंत लाट यायचीच असते. जीवरक्षक साधनं कमी होती हे खरंच, पण उलटण्याचं कारण ते नव्हे.

नवा सभासद:
खाऱ्या पाण्यावर बॉयलर चालायचे का?

बॉयलरवाला:
जुने, कमी दाबाचे चालायचे. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण ३२ वा भाग मीठ. पाणी आटत जातं, मीठ मागे राहतं. दुप्पट झालं की थोडं पाणी समुद्रात फुंकून टाकायचं आणि ताजं खारं पाणी घ्यायचं. उकळतं पाणी फेकायचं म्हणजे जाळलेला कोळसाही त्याबरोबर गेला. टाळाटाळ केली तर नळ्यांवर पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि पत्रा लाल होऊन बसतो. बंद कंडेन्सर (वाफ समुद्राच्या पाण्यात न मिसळता नळ्यांआडून थंड करणारा) आल्यावर वाफेचं गोडं पाणी परत मिळू लागलं. तेव्हाच दाब वाढवणं परवडलं. पण कंडेन्सरची एक नळी फुटली तरी खारं पाणी गुपचूप आत येतं, म्हणून प्रत्येक पाळीला पाणी तपासायचंच.