प्रतिसाद : खरेदीखत झालं, तरी घरपट्टी जुन्याच नावावर

भाऊ, पिंप्राळ्यातल्या घराची खरेदी झाली, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) आला, तरी बिल जुन्या मालकाच्या नावाने का येतंय, असं तुम्ही विचारलंय. नोंदणी कार्यालय आणि महापालिकेचा घरपट्टी विभाग ही दोन वेगळी दारं आहेत. खरेदीखताची प्रत, चालू पावती आणि अर्ज देऊन नाव स्वतःच लावून घ्यायचं. नियमाने हे तीन महिन्यांत कळवायचं असतं. मागची थकबाकी मात्र आधी मिटवावी लागते, आणि सौदा करताना नेमकं तेच कोणी विचारत नाही!

वरच्या प्रतिसादात कोणी 'शास्ती (म्हणजे दंड) माफ होते, थांबा' म्हटलंय. जरा जपून. थकबाकीवरची शास्ती महिन्याला 2 टक्के, म्हणजे 10,000 रुपयांवर महिन्याला 200, वर्षाला 2,400. एवढं व्याज बँकसुद्धा गृहकर्जावर घेत नाही. अभय योजना (थकबाकीदारांना सवलत देणारी) आली तर साधारण हीच शास्ती कमी होते, मूळ कर भरावाच लागतो. अवैध बांधकामाची शास्ती हा निराळा रकाना; तो आपल्या बिलात आहे का, नीट बघा. पोटमाळा किंवा पुढची शेड परवानगीशिवाय वाढवलेली असली की तिथे आकडा दिसतो.

आणि हो, पावती नावावर आली म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. गावाकडच्या नमुना 8 चंही (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीचा उतारा) तेच. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव लागलं का, ते वेगळं तपासा.