सोसायटीची सहल : खांदेरी

प्रमोद (सेक्रेटरी): यंदा रिसॉर्ट नको म्हणालात, म्हणून म्हात्रे काकांनी सुचवलेला खांदेरीचा बेटावरचा किल्ला पक्का करतोय. रविवारी सकाळी सातला ठाण्याहून बस, दहाला अलिबागजवळचं थळ, साडेदहाला होडी. नावं द्या 🙏

कुलकर्णी काकू: तिथे बघायचं काय? रिसॉर्टला निदान स्विमिंग पूल तरी असतो.

ओंकार ए-३०४: काकू, २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे १२ मराठा किल्ले घेतले ना, त्यातला एक!

म्हात्रे काका: प्रमोद, साडेदहाला होडी कुठून येणार? रविवारी अष्टमी आहे. तिथीची पाऊणपट कर. आठाचे सहा. भरती सहाला, म्हणजे बाराला पूर्ण सुकती. तोवर होड्या चिखलात बसलेल्या असतील. सातला निघायचं ते थळहून, ठाण्याहून नाही.

प्रमोद (सेक्रेटरी): काका, बसवाल्याला ॲडव्हान्स दिलाय. नाखवा तुमच्या ओळखीचा आहे, तासदोन तास ॲडजस्ट करेल की.

म्हात्रे काका: नाखवा करेल रे, दर्या नाही करत. अरे, तिथली लढाईच या असल्या गोष्टींवर झाली. १६७९ च्या ऑगस्टअखेर महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडाऱ्याने बेटावर तट घालायला घेतला. मुंबईचे इंग्रज हादरले, तोंडावरच किल्ला होणार ना! जहाजं आणून वेढा घातला. पण मोठ्या जहाजाला वारा हवा, खोल पाणी हवं. आपल्या होड्या बुटक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या कडेकडेने जाऊन रसद टाकून यायच्या. जहाजं बघत बसायची.

ओंकार ए-३०४: आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या आरमाराच्या दौलतखानाने इंग्रजांची ‘डव्ह’ गुराब (लढाऊ जहाज) पकडली 💪

म्हात्रे काका: पकडली. पण पुढचंही सांग. त्याच दिवशी इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ जहाजाने आपलं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळलं. पोरांना अर्धीच गोष्ट सांगू नये. रसद मात्र थांबली नाही, आणि १६८० मध्ये इंग्रज तह करून मोकळे झाले. शेजारच्या उंदेरीवर तेवढा जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला.

नेहा बी-१०२: काका, इतिहास ठीक. सासूबाईंना चढ झेपेल का? आणि मुलं कंटाळली तर?

म्हात्रे काका: दीपगृहाकडे चढ आहे. आजींना वेताळाच्या देवळात बसवू. तिथे मूर्ती नाही, पांढरी रंगवलेली मोठी शिळा आहे. कोळी म्हणतात ती दरवर्षी वाढते. मुलांसाठी तो वाजणारा दगड. छोट्या दगडाने ठोकलं की भांड्यावर मारल्यासारखा टण्ण आवाज येतो. माझा भाचा एकदा अर्धा तास हलला नव्हता तिथून, शेवटी उचलून आणला. गाड्यावरच्या तोफाही आहेत. फक्त तटावर कोणी सेल्फीसाठी चढायचं नाही, दगड सुटलेत.

नेहा बी-१०२: आमचे चार धरा. पाणी?

म्हात्रे काका: माणशी दोन बाटल्या घरून. रिकाम्या परत आणायच्या, मी मोजणार आहे.

प्रमोद (सेक्रेटरी): बसवाल्याशी बोललो. पहाटे साडेतीन, मेन गेट. संध्याकाळच्या भरतीला परत. वॉचमनला बेल वाजवायला सांगितलंय.

कुलकर्णी काकू: साडेतीन?? मग झोपायचं कशाला. मी रात्रीच भाकऱ्या थापते. ठेचा कोण आणतंय?