मदत हवी आहे: जुनी बस घेऊन चालतं घर करायचंय (अंबाजोगाई परिसर)

नमस्कार मंडळी,

एक जुनी बस विकत घेऊन तिचं राहण्याजोगं घर करायचं मनात आहे. चौघांना झोपायची सोय, छोटा ओटा आणि संडास-बाथरूम, एवढंच. गाडी पाहून ठेवली आहे. अडचण कागदांची आहे. आरटीओकडून असं काही मंजूर करून घेतलेलं कुणी इथं असेल, किंवा करताना अडकलेलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा. पोस्ट लांब झाली आहे, पण तपशिलाशिवाय सल्ला तरी कसा देणार?

वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. आता सत्तरी ओलांडली, गुडघे साथ देत नाहीत. आईला मधुमेह आहे, दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं. सोलापूर-धुळे हायवे सोडला तर आपल्याकडच्या रस्त्यांवर बाईमाणसाला जायला धड जागा सापडत नाही. दोघांना ओंकारेश्वर आणि काशी करायची आहे. लॉजचे जिने, रात्री-अपरात्री शोधाशोध, हे त्यांच्यानं होणार नाही. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली तयार कॅम्पर आमच्या खिशाबाहेरची आहे. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे वायरिंग, इन्व्हर्टर, पंप ही सगळी कामं मी स्वतः करणार. वेल्डिंगला मेव्हणा आहे.

गाडी टाटा 1210 आहे, 1985 ची नोंदणी. मूळची एसटीची. नव्वदच्या दशकात लिलावात एका खासगी माणसानं घेतली आणि मग बरीच वर्षं ती साखर कारखान्याच्या कामगारांची ने-आण करत होती. पाटी अजून तीन अक्षरी जुन्या सिरीजची आहे, ‘एमएच’ 1989 मध्ये सुरू झालं त्याच्या आधीची. मालक वारले. मुलानं ती शेतात पत्र्याच्या शेडखाली लावली, म्हणून तर वाचली. पासिंग कधीच संपलंय. भाव भंगाराच्या आसपासच सांगतोय, कारण नाहीतर ती कापून जालन्याच्या एखाद्या भट्टीत जाणार हे त्यालाही माहीत आहे.

वडिलांनी अख्खी सकाळ त्या गाडीखाली घालवली. इंजिन 692, सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर, पावणेपाच लिटरच्या आसपास. टर्बो नाही, सेन्सर नाही, कुठल्याही खेड्यातला जुना मिस्त्री उघडू शकेल असं. बॅटरी जोडून, डिझेलची हवा काढून सुरू केलं. सुरुवातीला पांढरा धूर आला, तापल्यावर गेला. ब्लो-बाय (पिस्टनशेजारून गळणारा वायू) जास्त नाही. ‘पंप चांगलाय, नोझल बघावे लागतील,’ म्हणाले. मग टॉर्च घेऊन चासी बघितली. मागच्या चाकांच्या कमानीवर, जिथं चिखल साठतो तिथं, बॉडीचे आडवे बीम गंजून पापुद्रे सुटलेत. पण चासीचे दोन्ही उभे मेंबर हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत वाजले. पाट्यांचे बुश गेलेत, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) खेळ आहे, स्टिअरिंग पॉवरचं नाही. ब्रेकचं सगळं रबर नवीन टाकावं लागेल. टायर सहाही फेकायचे. वरून नक्षी दिसते, पण बाजूला भेगा पडल्यात आणि एवढ्या जुन्या टायरवर आई-वडिलांना बसवणार नाही. निघताना वडील एवढंच म्हणाले, ‘चासी नंबरची छाप घेतल्याबिगर इसार देऊ नको.’

ही बस मला जशी आहे तशी जपायची आहे. लाल रंग, मागची शिडी, घंटीची दोरी, सरकत्या काचा. आमच्या भागातल्या कितीतरी पोरांचं शिक्षण असल्या गाड्यांमुळे झालं. आणि मराठवाड्यातली सरकारी बस तर एसटीच्याही आधीची. निजामाच्या राज्यात 1932 मध्ये रेल्वे खात्यानं 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, तर पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती 1 जून 1948 ला. चिकलठाण्याच्या कार्यशाळेत एसटीच्या बॉड्या आजही बांधल्या जातात, पण जुन्या बांधणीची धड गाडी आता शोधून सापडत नाही.

आता कायद्याचं. मी जे वाचलं ते मांडतो.

‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवू, असं मित्र सुचवत होता. ते जमणार नाही. जुलै 2021 चे व्हिंटेज नियम 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत, बसला लागू नाहीत. शिवाय त्यात नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते आणि बॉडी, चासी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

एसटीकडून थेट घेण्याचा रस्ताही जवळपास बंद आहे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्याव्या लागतात. ही गाडी तीसेक वर्षांपूर्वीच खासगी नावावर गेली, म्हणून ती यातून सुटते असं मी धरून चाललोय. बरोबर आहे ना?

आणि सगळ्यात मोठी धोंड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलंय. मग 50 आसनांच्या बसची कॅम्पर कशी करायची? आधी पासिंग करून घ्यायचं, मग बदलाचा अर्ज, की दोन्ही एकत्र?

दुसरा पर्यायही आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजची 2013 ची अशोक लेलँड बस, पॉवर स्टिअरिंग, पासिंग चालू, कागद स्वच्छ. किंमत जवळजवळ तिप्पट. मन जुन्या गाडीत आहे, डोकं दुसरीकडे ओढतंय. जाणकारांनी सांगावं.

बांधणीबद्दलही थोडं विचारतो. बारा टनांची गाडी, माणसं-सामान मिळून साडेतीन टनांपर्यंत वाहायची, तर माझं सगळं फर्निचर, पाणी, बॅटऱ्या त्याच्या निम्म्यात बसवायचा विचार आहे. 300 लिटरची पाण्याची टाकी दोन चाकांच्या मध्ये, खाली. पण मेमध्ये 43 अंशांत त्या पत्र्याखाली झोपायचं कसं? थर्माकोल की ग्लासवूल की दुसरं काही? आणि पहिली पायरी वडिलांसाठी फार उंच आहे, त्यावर काही युक्ती?

---

प्रतिसाद: लातूरवाला

भाऊ, आधी अभिनंदन, वडिलांना घेऊन जाताय म्हणून. मी गाड्यांच्या कागदांचंच काम करतो, त्यामुळे स्पष्ट लिहितो.

पहिली गाठ वारसाची आहे. मालक वारलेत, म्हणजे मुलगा तुम्हाला थेट विकू शकत नाही. आधी नमुना 31 भरून गाडी त्याच्या नावावर, मगच नमुना 29 आणि 30 वर तुमच्या. बाकी भाऊ-बहिणी असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. आरसी बुक हरवलं असेल किंवा जुना कर थकला असेल तर तो सगळा डोंगर आधी बघा. 15 वर्षांवरच्या जड गाड्यांची फिटनेस फी एप्रिल 2022 पासून खूप वाढली आहे, वर पर्यावरण कर आहे. अंबाजोगाईत उपप्रादेशिक कार्यालय आहे, एजंटाकडे न जाता स्वतः जाऊन त्या नंबरवर काय काय बाकी आहे ते काढा. एवढ्या जुन्या सिरीजची नोंद संगणकावर चढली आहे का, हे पहिलं विचारा. नोंदच नसेल तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे.

15 वर्षांच्या नियमाचं तुमचं बरोबर आहे, तो सरकारी मालकीच्या गाड्यांसाठी आहे. पण दिल्लीच्या बाजूला जुन्या डिझेल गाड्यांवर वेगळी बंधनं आहेत. काशीला जबलपूर-रीवावरून जाता येतं, हरिद्वार मनात आणलं तर विचार करावा लागेल.

कलम 52 बद्दल: बदल पूर्ण बंद नाही, पण नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ‘पूर्व’ हा शब्द लक्षात ठेवा. आसनं काढून पलंग लावले आणि मग परवानगी मागितली, की गाडी अडकली. केंद्राच्या 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी (राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी) एआयएस 124 हे मानकही आहे आणि अशा तपासण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच आहे. ज्याचं कॅराव्हॅनचं डिझाइन मंजूर आहे अशा बॉडी बिल्डरकडून काम करून घेतलं तर अधिकाऱ्याला सही करणं सोपं जातं. घरी मेव्हण्यानं वेल्ड केलेल्या सांगाड्यावर सही कोण करणार? रागावू नका, मी टेबलाच्या पलीकडचं बोलतोय.

या सगळ्यात 1985 च्या गाडीपेक्षा 2013 ची शंभर पटींनी सोपी. मी तुमच्या जागी असतो तर तीच घेतली असती. पण तिच्यातही एक बघा: 2028 मध्ये तिला 15 वर्षं होतात. तोपर्यंत बदल नोंदवून घ्या.

आणि लायसन्स? साडेसात टनांच्या वरची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येत नाही. जड वाहनाचं काढावं लागेल. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघते.

---

प्रतिसाद: पत्र्याखालचा

उन्हाचं मी सांगतो, कोंबड्यांच्या शेडची आणि कंटेनर ऑफिसांची कामं करतो.

थर्माकोल नको. हादऱ्यांनी भुगा होतो आणि आग लागली तर भयंकर. ग्लासवूल पावसाळ्यात ओल धरतं, मग आतून पत्रा गंजतो. एक्सपीएसच्या (दाट, कडक फोमच्या) दोन इंची पट्ट्या घ्या, सांध्यांना फोम मारा. छताच्या लोखंडी कमानी आणि आतलं प्लायवूड यांच्यामध्ये रबराची पट्टी टाका, नाहीतर ऊन त्या कमानीतूनच आत येतं. बाहेरून छत पांढरं करा. लाल बाजूंना राहू द्या, टप पांढरा.

सोलर पॅनेल टपावर चार इंच उचलून बसवा. वीज मिळतेच, पण खालून वारा खेळतो आणि पॅनेलची सावली पडते, तोच मोठा फायदा. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब असतं, चार सहज बसतील. आपल्याकडच्या उन्हात रोजचे आठ-नऊ युनिट निघावेत. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभर पाच-सहा युनिट खातो. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या आणि आसनांखाली कोंडू नका, तिला वारा लागू द्या. गॅस सिलिंडर आत ठेवू नका, इंडक्शनवर भागवा. मागचा संकटकालीन दरवाजा काही झालं तरी पलंगानं बुजवू नका.

पाण्याचं: टाकी घरून भरून निघा. उन्हाळ्यात बीड-लातूरकडच्या गावात 300 लिटर मागणं बरं दिसत नाही, तिथं बायका टँकरची वाट बघत असतात. भांड्याचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून संडासाला वापरा.

पायरीसाठी दाराखाली घडीची लोखंडी पायरी बसवा, आत दोन्ही बाजूंना उभे दांडे. गुडघेदुखीच्या माणसाला पायरीपेक्षा दांडा जास्त उपयोगी पडतो.

---

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. ‘पूर्व’ परवानगीचा मुद्दा फार मोलाचा आहे, लातूरवाला. मेव्हण्याचं वेल्डिंग आता पलंग आणि कपाटांपुरतं. बॉडीचं काम मंजूर डिझाइनवाल्याकडेच देणार.

आज अंबाजोगाईच्या कार्यालयात जाऊन आलो. जुन्या गाडीची नोंद संगणकावर नाही. रजिस्टरमध्ये शोधून बघू म्हणालेत, आठवड्यानं बोलावलंय. मुलाला दोन बहिणी आहेत, त्यांची संमती मिळेल. तरी नोंद सापडेपर्यंत इसार देणार नाही. वडिलांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कॉलेजवाल्या गाडीची चासी कवा बघायची?’ रविवारी लातूरला जातोय.

जुनीचे कागद उभे राहिलेच नाहीत, तरी ती भट्टीत जाऊ नये असं मनापासून वाटतं. नोंदणी रद्द करून एखाद्या शाळेच्या अंगणात वाचनालय म्हणून उभी करता येते का, त्यासाठी मालकाला काय कागद द्यावे लागतील, हे कुणी केलं असेल तर सांगा. परळी-अंबाजोगाई भागात जागा देणारी शाळा असेल तर तीही कळवा. दुरुस्ती आणि रंग मी आणि वडील फुकट करून देऊ.

आणि 2013 च्या लेलँडला कॅराव्हॅन म्हणून मंजुरी मिळवून दिलेला बॉडी बिल्डर मराठवाड्यात, सोलापूरला किंवा पुण्याकडे कुणाच्या ओळखीचा असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नंबर उघड टाकू नका.