केळीचे 4 लाख 60 हजार उरलेत, घरात तीन मतं, काय करू?

केळीवाला_यावल
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातला आहे. 5 हजार खोडं होती, यंदा वादळानं सोडलं आणि भावही बरा लागला. सोसायटीचं पीककर्ज भरलं, कृषी केंद्राची (खत-औषधांच्या दुकानाची) उधारी फेडली, मजुरी चुकती केली, आता हातात 4 लाख 60 हजार आहेत. एवढी रक्कम एकदम तीन-चार वर्षांनी बघतोय त्यामुळे रोज रात्री जेवताना हाच विषय. आबा म्हणतात गावातल्या पतसंस्थेत टाक, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतात आणि चेअरमन आपल्या ओळखीचा. बायको म्हणते जळगावला जाऊन सोनं घेऊ, पोरगी 7 वर्षांची झाली, भाव काय थांबायचं नाव घेत नाही. मेहुणा पुण्यात नोकरीला, तो फोनवर सारखा एसआयपी एसआयपी करतो, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम, दरमहा 10 हजार लाव म्हणे. अरे भो, पण मला दरमहा येतात कुठं? मला वर्षातून एकदा येतात, आणि ते पण आले तर. कोणी शेतीच्या पैशाचं असं नियोजन केलंय का?

पोळलेला_जळगावकर
पतसंस्था सोडून काहीही करा. आमच्या वडिलांचे 2 लाख असेच अडकले, चेअरमन आमच्याही ओळखीचाच होता, लग्नाला घरी जेवून गेलेला माणूस. नाव घेत नाही. आईच्या ऑपरेशनला स्वतःचेच पैसे मागायला सहा चकरा मारल्या आणि हातात आले 5 हजार. बँक बुडाली तर प्रत्येक खातेदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला ते नाही. दोन टक्के जास्त कशाचे मिळतात ते यात आलं.

बँकेतून_रिटायर_ताई
भाऊ, मेहुण्याचं चूक नाही पण तो पगारदाराच्या डोक्यानं बोलतोय. पगारवाला 1 तारखेला पैसे येतील हे धरून चालतो. तुमचं पुढचं उत्पन्न वर्षभरानं, मध्ये केळीवर व्हायरसचा रोग आला, मे-जूनमध्ये वादळ आलं की बाग आडवी. एसआयपीचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला की बँक वरून दंड लावते, असे कितीतरी शेतकरी माझ्या काउंटरवर भांडून गेलेत.

म्हणून आधी बघा पुढची कापणी होईपर्यंत घरखर्च, शाळा, रोपं, खतं, दवाखाना धरून किती लागतील. ते बाजूला, एफडीत, पण एकच मोठी एफडी नको, 50-50 हजाराच्या करा म्हणजे गरज पडली तर एकच मोडते. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कृषी केंद्रात या वर्षी रोखीनं घ्या. तुम्ही उधारी फेडली म्हणताय पण तिचं व्याज कधी काढलंय का? रोखीत 900 ला मिळणारी बाटली उधारीत 1050 ला लावतात, सहा महिन्यांसाठी. 900 वर 150 म्हणजे वर्षाच्या हिशोबानं 33 टक्के झाले! एवढा परतावा तुम्हाला कुठलाच फंड खात्रीनं देणार नाही. उलट पीककर्ज मात्र परत काढा, स्वतःचे पैसे आहेत म्हणून बंद करू नका. आपल्या राज्यात 3 लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. फक्त तारीख चुकवू नका.

मुलीचं सुकन्या खातं काढलंय का? 10 वर्षांच्या आतच निघतं. सध्या 8.2 टक्के आहे, 15 वर्षं भरायचं, खातं काढल्यापासून 21 वर्षांनी मिळतं. वर्षाला कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख, एकरकमी भरलं तरी चालतं, म्हणजे तुमच्यासारख्यांसाठीच केल्यासारखं आहे. ज्या वर्षी बाग गेली त्या वर्षी 250 भरा. महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज जातं. आणि बँकेत गेलातच तर त्या दोन विम्याच्या सरकारी योजना, वर्षाला 436 रुपयेवाली आयुर्विम्याची आणि 20 रुपयेवाली अपघाताची, त्यांचे फॉर्म भरून या.

अमळनेरकर
शेअरचा विषय निघाला की आमच्या गावाचं नाव येतंच. 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली तीच पुढं विप्रो झाली आणि ज्यांनी शेअर ठेवले त्यांची बोनसवर बोनस मिळून पिढी बदलली. पण आमच्या घरातली गोष्ट वेगळी आहे. आजोबांकडे पण थोडे होते, त्यांनी विकले आणि विहिरीवर मोटार बसवली. लोक हसतात आम्हाला. पण त्या मोटारीवर वडील आणि दोन काका शिकले हे कोणी मोजत नाही, आणि त्याच काळात दुसऱ्या कंपन्यांचे कागद घेऊन बसलेल्यांच्या पेटीत अजून रद्दी पडलीय त्यांच्याबद्दल पेपरात येत नाही. म्हणून एकाच शेअरच्या मागं लागू नका. इंडेक्स फंडात (बाजारातल्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे लावणारा फंड) थोडे टाका, 10 वर्षं लागणार नाहीत तेवढेच, आणि एकदम न टाकता सहा-आठ महिन्यांत थोडे थोडे.

सोनारगल्ली
वहिनींना सांगा दागिना नको, वेढणी (नक्षी नसलेलं साधं सोन्याचं वळं) घ्या. 1 लाखाच्या सोन्यावर 12 टक्के घडणावळ, त्यावर 3 टक्के जीएसटी, 1 लाख 15 हजारांच्या वर जातं. विकायला गेलात की फक्त सोन्याचे पैसे मिळतात. वेढणीला घडणावळ किरकोळ लागते. दागिना घ्यायचाच तर हॉलमार्कसोबत सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) बघून घ्या, 2023 पासून सक्तीचं आहे.

खान्देशी_मिसळ
मी तर म्हणतो आधी एक दिवस शेतात भरीत पार्टी करा, बाकी नंतर 😄

केळीवाला_यावल
ताई, तुमचा 33 टक्केवाला हिशोब आबांना वाचून दाखवला. जुन्या वह्या काढून बसले होते, तीन वर्षांची उधारी जोडली आणि गप्प झाले. ठरलं ते असं, 2 लाख बागेला आणि घराला एफडीत, सुकन्यात 1 लाख, एक लाखाची वेढणी (बायको म्हणते वेढणी गळ्यात घालून कोणाला दाखवू, तो वाद अजून चालू आहे). 40 हजार इंडेक्स फंडात, मेहुण्याचा मान म्हणून. उरलेले 20 आबांनी मागितलेत आणि कशाला ते सांगत नाहीयेत.

पोळलेला_जळगावकर
पतसंस्थेत टाकतील बघा 😀 आजच विचारा.